चालू छे! जुन्या कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री, पर्वत पाटियातल्या नवशिक्यांसाठी

सुरतेच्या पर्वत पाटियात राहून जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा म्हटलं की पहिलीच अडचण येते: इथे तो एक सोडून सगळं मिळतं. साड्या ठोकात मिळतात, कापडाचे तुकडे किलोवर मिळतात, मिरचीवडा मिळतो, रात्री राजस्थानकडे सुटणाऱ्या ट्रॅव्हल्स मिळतात. जुन्या कॅमेऱ्यांचा बाजार मात्र भरत नाही. म्हणून खचायचं कारण नाही. नकाशा उघडा. आपण अहमदाबाद आणि मुंबई यांच्या मधोमध बसलोय, दोन्हीकडे रेल्वेने अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि दोन्ही गावांत जुना बाजार भरतो. त्यात पुणे जोडलं की आठवडा छान बसतो. बुधवारी पुण्याचा जुना बाजार, शुक्रवारी मुंबईचा चोर बाजार आणि रविवारी अहमदाबादेत एलिस ब्रिजखाली साबरमतीच्या काठी भरणारी गुजरी, जिला तिकडे नुसतं ‘रविवारी’ म्हणतात. पुण्याचा बाजार रविवारीही असतो, त्यामुळे त्या दिवशी कुठे जायचं यावरून घरात थोडं वाजू शकतं. उरलेल्या दिवशी नोकरी करावी. तिकिटाचे पैसे कुठून तरी यायला हवेत.

इथे प्रत्येक नवशिक्याच्या डोक्यात एक योजना येते. रविवारी अहमदाबादेत स्वस्तात घ्यायचं, शुक्रवारी मुंबईत महागात विकायचं. सुरतेचं पाणी प्यायलेल्या माणसाला हे सुचणारच. पण अहमदाबादचा विक्रेता मुंबईचा भाव मोबाइलवर बघूनच चादर पसरतो. शिवाय सुरतेहून पहाटे सुटणारी फ्लाइंग राणी मुंबईला पोचते तोवर शुक्रवारचा बाजार आवरत आलेला असतो. तो अंधारातच, बॅटरीच्या उजेडात सुरू होतो. मटण स्ट्रीटची दुकानं तरी उघडी सापडतील म्हणाल, तर शुक्रवारी त्यांची सुट्टी. तेव्हा आदल्या रात्री जाऊन नातेवाइकांकडे मुक्काम करावा. त्यासाठी मुंबईत असे नातेवाईक हवेत ज्यांना पहाटे तीनला दार उघडायला लावलेलं चालतं. असे कोणी नसतील तर आधी घराजवळचा माल बघावा.

घराजवळचा माल

लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात आपला खानदेश राहतो. जळगाव, धुळे, नंदुरबारहून लोक भुसावळ-सुरत गाड्यांनी आले. कोणी मागावर बसलं, कोणी मार्केटात पार्सलं बांधली, आणि वस्तीत एखाद्याने तरी फोटो स्टुडिओ काढला. लग्नसराईत त्याच्या गळ्यात यशिका नाहीतर निकॉन, हातात मेट्झचा दांडीवाला फ्लॅश, आणि मागे दिवा धरून चालणारा भाचा. डिजिटल आलं तसा तो कॅमेरा कपाटावर गेला आणि कपाटावरून माळ्यावर.

अशा काकांकडे गेल्यावर ‘कॅमेरा विकायचाय का?’ असं कधीही विचारू नये. ‘आमच्या ताईच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढले होते ना?’ असं विचारावं. चहा येतो. मग अल्बम येतात, त्यातला प्रत्येक फोटो कुठल्या वाडीतला, जेवणात काय होतं, नवरदेव किती उशिरा आला, हे सगळं येतं. सगळ्यात शेवटी कॅमेरा येतो, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. किमतीचं नाव काढलंत की काका म्हणतात, ‘ली जाय रे भाऊ, माले काय करनं शे!’ नवशिके इथेच फसतात. फुकट नेलेल्या कॅमेऱ्याची किंमत पुढची दहा वर्षं फेडावी लागते: काकांच्या नातवाचं बारसं, जावळ, गॅदरिंग, साखरपुडा, सगळीकडे फोटो काढायला तुम्ही, आणि तेही फुकट. पैसे द्या आणि मोकळे व्हा.

भंगारवाल्याकडेही डोकावायला हरकत नाही. मात्र तिथला जुना फ्लॅश उघडून बघू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहिलेली असू शकते, आणि ती असा झटका देते की अंगठा दिवसभर आठवण करून देतो.

हातात आल्यावर

विक्रेता म्हणेल, ‘चालू छे.’ यावर अर्धा जुना बाजार उभा आहे, आणि ते खोटंही नसतं. कॅमेऱ्यात काहीतरी चालू असतंच. रोल पुढे सरकवायची दांडी चालू असते, सेल्फ टायमर चालू असतो, निदान पट्ट्याचं बक्कल तरी चालू असतं. तुम्ही हसून मान डोलवा आणि मागचं झाकण उघडा. पण त्याआधी रोल गुंडाळायची घुंडी अलगद फिरवून बघा. ती अडली तर आत रोल आहे. झाकण उघडलंत तर कोणाची तरी महाबळेश्वरची सहल पांढरी होईल.

झाकण उघडल्यावर कॅमेरा आभाळाकडे धरायचा आणि शटरचे सगळे वेग एकेक करून दाबायचे. पाचशे आणि हजार यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. कळल्यासारखा चेहरा करावा, भाव थोडा खाली येतो. खरी परीक्षा हळू वेगांची, आणि ती कानांनी घ्यायची. एक सेकंदावर लावून दाबलं की आतून घर्रर्र असा एकसारखा आवाज येऊन पडदा मिटला पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यात तेल सुकून चिकट झालेलं असतं, मग एका सेकंदाचे तीन होतात, नाहीतर पडदा मधेच थांबून विचार करत राहतो. यावर आपल्या गावात एक घरगुती इलाज चालतो: शिलाई मशीनचं तेल. भरतकामाच्या मशिनींचं गाव, तेल गल्लोगल्ली मिळतं. आत दोन थेंब सोडले की विकायच्या दिवशी शटर असं पळतं की बघत राहावं. महिन्याभरात तेच तेल पातींवर पसरतं, धूळ धरतं, आणि शटर पुन्हा बसतं, आता तुमच्या घरी. तेव्हा कॅमेरा नाकालाही लावा. मशीनच्या तेलाचा वास आला तर राम राम करून पुढच्या चादरीकडे वळा.

त्यानंतर भिंग. मोबाइलची बॅटरी मागून मारायची आणि पुढून बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. बाहेरच्या काचेवर असेल तर पुसता येते, आतली काढायला भिंग खोलावं लागतं, आणि तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर काढूनही व्रण राहतो. सुरतेत बुरशी नसलेलं भिंग मिळालं तर आधी ते सुरतेचं आहे का हे विचारा. दमट हवा बारा महिने आहेच, त्यात पूर. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापीने शहराचा मोठा भाग बुडवला. पर्वत पाटिया-लिंबायतकरांना तर नदीची वाटही बघावी लागत नाही, पावसाळ्यात खाडीच घरी येते. पाण्यात बुडून आलेला कॅमेरा ओळखायच्या खुणा पाठ करा. फोकसची कडी फिरवताना बारीक करकर लागते. स्क्रूच्या खाचेत तपकिरी गाळ असतो. आणि चामडी कव्हर मात्र कोरं करकरीत, कारण ते मागाहून आणलेलं.

शेजारी हिऱ्याच्या कारखान्यात कामाला असेल तर त्याचं दहापट दाखवणारं आयग्लास उसनं मागावं. त्याला स्वतःला मात्र बरोबर नेऊ नये. वराछात काम करणारा आमच्या ओळखीचा एक भाई टपरीवर चहा बाजूला ठेवून रशियन हेलिओस भिंग डोळ्याला लावून बसला. उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, परत सरळ केलं. सगळी टपरी गप्प. मग म्हणाला, ‘आमां तो परपोटो छे.’ विकणाऱ्याचा चेहरा उतरला. जुन्या भिंगांच्या काचेत असे एक-दोन बुडबुडे असतात आणि फोटोत त्यांनी तिळभर फरक पडत नाही. तुम्ही विकत घेत असाल तर हे ज्ञान तूर्त स्वतःजवळ ठेवा. विकत असाल तर पहिल्या वाक्यात सांगा.

झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर मनातून आनंद माना आणि वरून हळहळा. तो फोम थोडक्यात बदलून होतो, पण दिसायला इतका घाण दिसतो की किमतीतून चांगली रक्कम कापता येते.

सेलचा कप्पा उघडून बघाच. आत हिरवी-पांढरी भुकटी म्हणजे सेल आतच विसरून पडला होता, वर्षानुवर्षं. एका जातीच्या कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं असतं. कॅनोनेटसारखे जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत, आणि पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. साधा दीड व्होल्टचा घातला तर उजेडाचं मोजमाप चुकतं. त्यावर तोड म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल: १.४ व्होल्ट, भोवती रबराची छोटी रिंग घातली की चपखल बसतो. तो मेडिकलवर मागताना दुकानदार आवाज चढवून विचारतो, ‘कोणाला कमी ऐकू येतं?’ कॅमेऱ्याला, असं सांगायला जाऊ नका. मागे रांग असते. यशिका इलेक्ट्रो ३५ ची गोष्ट आणखी निराळी. तिला ५.६ व्होल्ट लागतात आणि सेल नसेल तर ती सगळे फोटो एकाच वेगाने, पाचशेच्या, काढते. विक्रेता खटका दाबून दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, सेलशिवाय चालतो!’

गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत

कॅमेऱ्याबरोबर गोष्ट येतेच. इंग्रजांच्या साहेबाचा होता, संस्थानिकांचा होता, दीडशे वर्षांचा आहे. ऐकून घ्या, गोष्टी चांगल्या असतात. फक्त थोडा हिशेब जवळ असू द्या. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली निघाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तेव्हा फोटो काढत असत. पण त्या काळचं काम काचेवर आणि कागदावर चाले, खिशात रोल नव्हता. ईस्टमनचा रोल घातलेला कोडॅक १८८८ चा. आणि आज मिळतो तसा ३५ मिमीचा रोल घेणारा लायका बाजारात आला १९२५ मध्ये. तेव्हा ३५ मिमीचा रोल जाणारा कॅमेरा कोणी दीडशे वर्षांचा म्हणून दाखवला तर त्याच्या आजोबांचं वय विचारा.

लायका हा तर वेगळाच विषय. चादरीवर सोनेरी लायका दिसला, वर नाझी गरुड कोरलेला, की नवशिक्याच्या छातीत धडधड होते. ती थांबवा. सोव्हिएत संघात लायकाची हुबेहूब नक्कल करून फेड आणि झोर्की नावाचे कॅमेरे निघाले. फेड खार्कीव्हला १९३४ पासून. पुढे कोणीतरी त्यांच्यावरची नावं खरवडून लायका कोरलं, सोन्याचा मुलामा दिला, गरुड बसवला, आणि हे जगभरच्या जुन्या बाजारांत पसरले. ओळखायला भिंग काढून आत बघा. भिंगाला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला खऱ्या लायकात गोल फिरणारं चाक असतं; झोर्की-फेडमध्ये नुसतं घडवलेलं टोक. हे तपासताना विक्रेता ‘ओ साहेब, खोलू नका’ म्हणाला तर उत्तर मिळालं समजा. खोटा लायका म्हणून झोर्की वाईट मात्र नाही. झोर्कीच्या भावात मिळाला तर घ्या, पण शटर भरल्याशिवाय वेगाची चकती फिरवू नका. ती फिरवली की आतलं काहीतरी मोडतं, आणि मोडणारा नेहमी नवा मालकच असतो.

आगफा क्लिक थ्री घेऊन कोणी ‘अँटिक’ म्हणून भाव सांगितला तर नम्रपणे हसावं. हा कॅमेरा आपल्या शेजारी बडोद्यातच बनत होता. घरोघरी होता, आजही निम्म्या घरांच्या माळ्यावर आहे. त्यात मोडण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून तो बहुधा चालतो, आणि म्हणूनच त्याला भाव नाही. १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो निघतात, आणि तो रोल अजूनही मिळतो. माझ्या मते बाजारातली ही सगळ्यात प्रामाणिक वस्तू आहे.

भाव

भाव विचारताना मराठी बोलायचं की गुजराती, हा सुरतेतल्या मराठी माणसाचा सनातन प्रश्न. अहमदाबादेत गुजराती बोलावं, मुंबईत हिंदी. पुण्यात शुद्ध मराठी बोलावं आणि भाव कमी होईल ही अपेक्षा गाडीतच ठेवून उतरावं.

भाव ऐकल्यावर लगेच अर्धा मागायचा, असा सल्ला देणारे खूप भेटतील. विक्रेत्यांनीही तो सल्ला ऐकलेला असतो, म्हणून ते दुप्पट सांगतात. त्यापेक्षा गप्प राहावं. कॅमेरा खाली ठेवावा, शेजारच्या चादरीवरचा इस्त्री-मिक्सर बघावा, परत यावं. मग ‘छेल्लो भाव बोलो’ म्हणावं. जो येईल तो शेवटचा नसतो; शेवटचा भाव तुम्ही उठून चार पावलं गेल्यावर येतो. पाचव्या पावलाला हाक आली नाही तर मात्र मान न वळवता चालत राहायचं, नाहीतर पुढचे सगळे रविवार तो तुम्हाला ओळखतो. भवानीच्या वेळी गेलात तर थोडं सुटतं. पैसे सुटे ठेवा. घासाघीस अडली की कपडा, पट्टा, फिल्टर मागा. काही जण मुदत संपलेला इंदूचा रोलही देऊन टाकतात, ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. त्यावर फोटो येतील ही आशा नको, पण डबी शोभेची असते.

विकताना

आत्तापर्यंत शिकलेलं सगळं उलटं करायचं. फोम स्वतः बदलून घ्या. सेलचा कप्पा व्हिनेगरने पुसा. आणि गोष्ट सांगा, कारण पैसे द्यायला नकार देणारा माणूसही गोष्ट ऐकायला थांबतो. खरी असेल तर जास्त चालते. ‘लिंबायतच्या एका स्टुडिओतला आहे, याने लग्नं काढलीत’ एवढं पुरतं. फुगवू नका, समोरच्यालाही १८८८ माहीत असू शकतं.

बुरशी असेल तर सांगून टाका. हे धर्माचरण म्हणून नाही. जुन्या कॅमेऱ्यांत रस असलेली माणसं सुरतेत एका टपरीवर मावतील एवढीच आहेत आणि पुढच्या वेळी तुम्हाला त्यांच्याकडूनच घ्यायचं आहे.

झेनिट मात्र विकता येत नाही. हा कॅमेरा मॉस्कोजवळ ढिगाने बनला आणि भारतात भरपूर आला. प्रत्येक हौशी माणसाकडे एक असतो आणि तो प्रत्येकाला विकायचा असतो. वजन एवढं की टपाल परवडत नाही. वरचा सेलेनियमचा उजेडमापक बहुतेकदा झोपलेला. त्याचं भिंग वेगळं काढून विका, ते डिजिटल कॅमेऱ्याला लावणारी पोरं घेतात, आणि उरलेलं धूड दाराला टेकू म्हणून कामाला येतं.

पैसे नसतील तर अदलाबदल. हे कॅमेऱ्यांचं साटंलोटंच: तुमची यशिका त्यांच्याकडे, त्यांची पेंटॅक्स तुमच्याकडे, आणि दोन्ही बाजूंना मनात पक्कं की आपण फसवले गेलो. जे ज्याच्याकडून घेतलं ते त्यालाच दोन वर्षांनी परत देण्याचे प्रकारही होतात. दोघेही ते आनंदाने करतात आणि ‘या बॉडीची अवस्था बघा, आधीच्या मालकाने कशी ठेवलीय’ असं म्हणतात.

आता खर्च

नफ्याचा हिशेब मांडणार असाल तर रोलही धरा. रंगीत रोल, धुलाई, स्कॅन मिळून छत्तीस फोटोंना हजार-दीड हजार जातात. नवे फिल्म कॅमेरे जवळजवळ थांबलेत. निकॉनने २००६ मध्येच एफ६ आणि एफएम१० हे दोन ठेवून बाकी जवळपास सगळे बंद केले आणि पुढे तेही गेले. त्यामुळे जुने आहेत तेवढेच आहेत, आणि मुंबईत बोरा बाजारातले दुरुस्ती करणारे हात वाढत नाहीयेत. नीट चालणाऱ्या कॅमेऱ्याचा भाव खाली येईल म्हणून थांबू नका.

पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: निकॉन एफएम१०. नाव निकॉनचं, बनवला कोसिनाने, म्हणून संग्राहक नाकं मुरडतात आणि भाव आवाक्यात राहतो. फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरांनी हा खूप घेतला आणि कोर्स संपल्यावर कपाटात टाकला, त्यामुळे चांगल्या स्थितीतले मिळतात. शटर यांत्रिक आहे. बटणाएवढे दोन साधे सेल फक्त उजेड मोजायला लागतात, आणि ते घड्याळाच्या दुकानात मिळतात. बरोबर येणारं ३५-७० चं भिंग घेतलंत तरी चालेल, पण ५० मिमीचं मिळालं तर तेच लावा. पहिले दोन रोल कृष्णधवल टाका, ते घरी मोरीत अंधार करून धुता येतात. रंगीत नंतर बघा.